बहात्तर सळ्या

एकाहत्तरच आहेत खरं तर.
एक वाकली तेव्हा काढून टाकली,
पाटीवर मात्र अजून बहात्तर.
पोलादी कण्याला दोन्ही अंगांनी आडव्या,
इसवण खाऊन झाल्यावर ताटात काटा उरतो तशा.
मूठ वरखाली करा, म्हणते मी, हळू.
हळू म्हटलं की मुलं जोरात करतात
हे धरूनच म्हणते.

मधल्या एका सळीचं टोक लाल आहे.
सरकारी रंग उडाला, तेव्हापासून माझं नेलपॉलिश.
लालवर नजर ठेवा. लाट पळते, लाल पळत नाही.
वर, खाली, वर,
आणि पुन्हा जिथल्या तिथे.
पुढे सरकतो तो फक्त धक्का.
अकरा वर्षं हे वाक्य म्हणतेय
अकरा अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर.

शेवटच्या सळीला पत्रा, पत्र्याखाली तेलाची वाटी.
'येथे लाट विरते', पाटी सांगते.
मूळचं तेल कधीच गळून गेलं.
इंडेंट वर गेलं ते वरच राहिलं.
मग स्टोअरच्या मिंगेलबाबने घरचं खोबरेल आणून ओतलं.
"बोटीवर तीस वर्षं इंजिनाला काय काय पाजलंय, बाय."
तेव्हापासून या खोलीला
आंघोळीआधीचा वास येतो.

जानेवारी, सकाळचे साडेनऊ.
गावडोंगरीहून काळोखात निघालेली बस,
तेवीस मुलं, वाटेत दोन उलट्या, शाल गुंडाळलेली एक शिक्षिका.
सुरूंच्या पलीकडे मिरामारचा खरा समुद्र,
आणि मी खिडकी अडवून उभी,
कारण एकदा तो दिसला की माझं कोण ऐकतंय.

दर्शनी वेळीप म्हणून एक मुलगी.
तिने मूठ एकदाच हलवली.
एकच झटका, आणि थांबली,
विहिरीत खडा टाकून कान द्यावा तशी.
कुबड सळ्यांवरून सरकत गेलं,
लालला उचललं, ठेवलं,
पत्र्यापर्यंत गेलं

आणि परत आलं.

"टीचर, ल्हार परत आयली. पूण उरफाटी."

मी तोंड उघडलं आणि पाठ केलेलं काहीच तिथे नव्हतं.
वाकून पाहिलं.
थंडीने वाटीतलं खोबरेल थिजलं होतं,
पांढरं, गच्च, पत्रा आत रुतलेला.
शेवटचं टोक हलायला तयार नसेल
तर गेलेलं उलटं होऊन परततं. वरचं खाली.
हे पुस्तकात आहे. परीक्षेत मी लिहिलंय,
आकृतीसह, पाच गुण.
पाहिलं नव्हतं.

पुन्हा कर, म्हटलं.
मग तेवीस जणांनी तेवीसदा.
लाल आता दोनदा हलत होता,
जाताना वर, येताना खाली,
आणि कुणीही ढकलाढकली करत नव्हतं.

मिंगेलबाब चहा घेऊन दारात.
"पाणी जाग्यावरच राहतं म्हणता ना?
मग माझी चप्पल करंझाळ्याला कशी लागली?"
पोरं हसली. मीही.
मग म्हणाले, थोडं जातं. या यंत्रात नाही.
समुद्रात दर लाटेला थोडं पुढे जातं,
पाटीवर तेवढी जागा नव्हती.
"थोडं म्हणजे कितलें?" दर्शनीने विचारलं.
मी अंगठा आणि बोट जवळ धरलं,
मग जरा लांब केलं,
मग तिच्याकडे बघून पुन्हा जवळ.

जाताना ती खिडकीशी थांबली
आणि तेवढीच बोटं
समुद्रापुढे धरून पाहिली.

अकराला मागच्या झरोक्यातून ऊन वाटीवर आलं.
तेल आधी कडेने सुटलं, मग मधून.
म्हापशाची शाळा आली.
लाट गेली, विरली, परतली नाही.
पाटी पुन्हा खरी.
आणि मला त्या पोरांना सांगावंसं वाटत होतं
की तुम्ही उशिरा आलात.

संध्याकाळी रजिस्टरात 'यंत्र ठीक' लिहिलं.
खाली शेऱ्याच्या रकान्यात, जो कुणी वाचत नाही:
उद्या साडेनऊला पुन्हा बघणे.
वाटी उन्हात ठेवू नये.